खाजणापासून माळापर्यंत : जव्हार-मोखाड्याच्या वाटांचा इतिहास

जव्हार व मोखाडा ह्या दोन तालुक्यांचे नाव कोणत्याही अहवालात आले की त्यामागोमाग 'दुर्गम' हे विशेषण जवळजवळ यांत्रिकपणे येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा ठाणे जिल्ह्याकडून वारशाने मिळालेल्या परिभाषेत हे विशेषणही आले. ते दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु त्यात एक ऐतिहासिक विधान दडलेले आहे, आणि ते असे की, हा प्रदेश मुळापासूनच वाटांच्या बाहेर होता व येथील दारिद्र्य हे त्या भूगोलाचे फळ होय. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात बालके कुपोषणाने दगावली, त्या वेळीही पाड्यांपर्यंत रस्ता नाही, वैद्य पोहोचत नाही, अशीच कारणमीमांसा प्रथम पुढे करण्यात आली. ही कारणमीमांसा खोटी नव्हे. पण रस्ता का नाही, आणि तो कधीपासून नाही, हा प्रश्न इतिहासाचा आहे; तो भूगोलावर सोपवून अभ्यासकास मोकळे होता येत नाही.

'दुर्गम' व 'दुर्ग' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. जेथे जाणे कठीण ते दुर्गम, आणि तेच दुर्ग. मध्ययुगातील राज्यकर्त्याला जी गोष्ट भूषणावह व संरक्षक वाटली, तीच नंतरच्या कारभाऱ्याला अडचण वाटू लागली. जव्हारच्या मुकणे घराण्याने ह्या डोंगरपठारावर चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत सत्ता टिकविली, ती दुर्गमतेच्या बळावर असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पठारावरून जाणाऱ्या वाटा आपल्या हाती असल्याखेरीज इतकी शतके कोणतेही लहान राज्य तगत नाही. तेव्हा येथे शोध घ्यावयाचा तो वाटांचा. आणि त्यासाठी कागदपत्रांइतकाच उपयोग शब्दांचा व स्थलनामांचा होतो, कारण ज्या वाटेवरून माणसे चालेनाशी होतात तिचे नाव बहुधा वाटेनंतरही काही पिढ्या जिवंत राहते.

१

ह्या प्रदेशातील सार्वजनिक वाहतुकीचा सर्वांत जुना लेखी पुरावा नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जो लेख कोरविला, त्यात आपल्या दानधर्माची यादी देताना इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका ह्या नद्यांवर आपण विनामूल्य नावा ठेविल्याचे व दोन्ही तीरांवर विश्रांतीची व पिण्याच्या पाण्याची ठिकाणे केल्याचे तो सांगतो. ह्यांपैकी दमण म्हणजे दमणगंगा, पारादा म्हणजे पार, आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, हे अभिज्ञान अभ्यासकांनी सामान्यतः मान्य केलेले आहे. त्याच लेखात शूर्पारक म्हणजे सोपारे व नाशिकजवळील गोवर्धन ह्यांचाही निर्देश आहे. लेखाची भाषा संस्कृत असली तरी तिच्यात प्राकृताचे वळण पदोपदी डोकावते. भाषाभ्यासकाचे लक्ष तिकडे प्रथम जाते, पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. डहाणू, दमण, सोपारे ही किनाऱ्यावरची ठाणी आणि नाशिक-गोवर्धन हे घाटमाथ्यावरचे ठाणे. ह्या दोहोंच्या मध्ये जो डोंगराळ पट्टा पडतो तोच आजचा जव्हार-मोखाडा होय. नदीमुखाजवळ फुकट नाव ठेवण्याची गरज दात्याला वाटली, ती ह्या मुलखातून पायी येणारी-जाणारी माणसे पुष्कळ होती म्हणूनच.

होडीने नदी ओलांडावयाची आणि उरलेली वाट पायी तोडावयाची, हा प्रवासाचा संमिश्र प्रकार येथे इतका जुना आहे. कोकणात नदी किंवा खाडी ओलांडण्याच्या नावेला 'तर' म्हणतात आणि पायी ओलांडता येईल अशा जागेला 'उतार'. दोन्ही शब्द 'तृ' ह्या एकाच धातूचे. वाहन आणि पाऊल ह्यांच्यात भाषेने येथे फारसे अंतर ठेविलेले नाही.

२

किनाऱ्यावरून डोंगरात चढणारी मुख्य वस्तू म्हणजे मीठ. वसईपासून डहाणूपर्यंतच्या खाड्यांच्या काठी भरतीचे पाणी आत घेऊन वाळविण्याचे मिठागर आणि बांध घालून गोड्या पाण्याखाली आणलेली खाजणे ह्यांचा पट्टा होता, व काही ठिकाणी तो अद्यापि आहे. 'मिठागर' ह्या समासातील 'आगर' हा शब्द संस्कृत 'आकर' पासून आलेला आहे, आणि आकर म्हणजे खाण. पुढे मराठीत त्याचा अर्थ मिठाचे वाफे व नारळी-पोफळीची बाग असा दुहेरी झाला, आणि आगरात राबणाऱ्यांची आगरी ही ज्ञातिसंज्ञा त्यावरूनच निघाली. तेव्हा खाडीकाठच्या पाणथळ जागेला मराठी माणसाने खाणीचे नाव दिले ते केवळ अलंकार म्हणून नव्हे. जमिनीतून धन काढण्याची ती जागाच होती. (एस.टी.च्या 'आगारा'शी ह्या 'आगरा'चा संबंध जोडण्याचे मात्र कारण नाही. तो 'आगार' म्हणजे घर, कोठार ह्या अर्थाचा निराळा संस्कृत शब्द असून त्याचे पुनरुज्जीवन परिभाषाकारांनी केलेले आहे.)

हे मीठ आणि त्याच्याबरोबर सुके मासे वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून घाटमाथ्यावर जात, आणि उलट दिशेने देशावरचे धान्य खाली येई. तांड्यातील बैलाला गाडीरस्ता लागत नाही. पावलाला जागा, रात्रीच्या मुक्कामाला माळ आणि माळाशेजारी पाणी असले की झाले. म्हणून बैलांच्या वाटा नदीखोऱ्याच्या तळाने न जाता पुष्कळदा माळामाळाने जातात. जव्हार-मोखाड्याच्या स्थलनामांत 'माळ' हे पद जेथे येते तेथे ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. मोखाड्यातील सूर्यमाळ हे पठार ह्याचे ठळक उदाहरण. पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या ह्या माळांच्या खोलगट भागांत काळ्या कातळावर पाणी साचून राहते. 'रायतळे', 'जामसर' अशा गावनावांच्या अखेरीस असलेली 'तळे' व 'सर' ही पदे पाण्याच्या अशाच जागांची आठवण ठेवतात.

'मेट' हा शब्द ह्याहूनही अधिक बोलका आहे. किल्ल्याच्या खांद्यावर किंवा घाटाच्या तोंडाशी पहारेकऱ्यांची जी वस्ती ठेवीत तिला मेट म्हणत. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीभोवती अशी मेटे होती व तेथील एका गावाचे नाव अद्यापि मेटघर किल्ला असेच आहे. हाच शब्द जव्हार तालुक्यात डेंगाचीमेट ह्या गावाच्या नावात आढळतो. पहाऱ्याची चौकी ओसाड रानात कोणी ठेवीत नाही. जेथे मेट होते तेथून माणसे, माल आणि क्वचित् शत्रूचे सैन्य जात होते असे मानावयास प्रत्यवाय नाही. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाणारी आजची मोटारसडक तोरंगण घाटाने चढते. गोंदा घाटासारख्या जुन्या पायवाटा मात्र आता गुराखी आणि डोंगर भटकणारे ह्यांच्याच उपयोगाच्या राहिल्या आहेत.

सैन्य ह्या वाटेने गेल्याची प्रसिद्ध गोष्ट म्हणजे शिवाजी महाराजांची सुरतेवरील पहिली स्वारी. ६ जानेवारी १६६४ रोजी मराठे सुरतेत शिरले. तत्पूर्वी त्र्यंबकहून जव्हारच्या रानातून महाराज उतरले व जव्हारचा राजा विक्रमशहा ह्याने त्यांची भेट घेतली असे परंपरा सांगते. भेटीची जागा म्हणून जव्हारजवळील शिरपामाळ दाखविण्यात येते, आणि भेटीत दिलेल्या शिरपावावरून किंवा शिरपेचावरून हे नाव पडले असे म्हणतात. 'शिरपाव' हा फारसी 'सर-ओ-पा' म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोषाख ह्या शब्दाचा मराठी अवतार. त्यातील अंत्य वकाराचा 'माळ' शब्दापूर्वी लोप होणे उच्चारदृष्ट्या अगदी सहज आहे. शिरपेचापासून मात्र ही व्युत्पत्ती साधत नाही, कारण 'च' नाहीसा होण्याचे कारण सांगता येत नाही. अर्थात् उच्चारदृष्ट्या शक्य असलेली प्रत्येक व्युत्पत्ती खरी असते असे नाही. नाव आधीचे आणि कथा मागाहून चिकटलेली, असाही क्रम स्थलनामांत वारंवार आढळतो. वाटांच्या इतिहासाला त्याने बाध येत नाही: मोठे घोडदळ थोड्या दिवसांत ह्या मुलखातून पार होऊ शकते ही माहिती त्या काळी जाणत्यांना होती. पुढे १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले व लगोलग रामनगरही घेतले, ह्यावरूनही सुरतेची वाट कोठून जात होती हे स्पष्ट होते.

ह्याच संदर्भात मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाची आख्यायिका पाहण्यासारखी आहे. पौपेरा नावाच्या कोळी नायकाने काठेवाडात जाऊन अनुयायी जमविले व परत आल्यावर जव्हारच्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. ती मिळताच कातड्याची बारीक वादी कापून तिने सगळे जव्हार वेढले. फिनिशियन राणी डायडोने कार्थेज नगर वसविल्याची कथा तंतोतंत हीच आहे. लोककथेच्या अभ्यासकांना असे साम्य नवे नाही. परंतु जगभर हिंडणारी कथा ज्या मुलखात येऊन राजघराण्याची मूळकथा होऊन बसते, तो मुलूख जगापासून तुटलेला होता असे कसे म्हणावे? वारली बोलीचाही साक्षीदार येथे बोलावता येतो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात तिची गणना मराठीत झालेली आहे; परंतु गुजरातीशी व भिल्ली बोलींशी तिचा शेजार ज्याला ऐकू येत नाही त्याने ती ऐकलेलीच नाही असे म्हणावे लागेल. बोली अशी मिसळते ती बाजारांत आणि वाटांवर.

३

मग वाटा कोठे गेल्या? ह्याचे उत्तर बरेचसे दोन वर्षांत सामावलेले आहे. १८६४ साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत आली; १ जानेवारी १८६५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे थळघाट चढून इगतपुरीस पोहोचली. पश्चिमेला डहाणू-पालघर, पूर्वेला कसारा-इगतपुरी. मधला मुलूख दोन्ही लोहमार्गांच्या चिमट्यात राहिला आणि दोहोंपैकी एकानेही त्याला स्पर्श केला नाही. मीठ आता वॅगनमधून चढू लागले. वंजाऱ्यांचे तांडे थांबले, आणि तांड्यांवर अवलंबून असलेले मुक्काम, पाणवठे व मेटे ह्यांचे प्रयोजन सरले. जव्हार-मोखाड्याची दुर्गमता जर कोणत्या तारखेला जन्मली असे म्हणावयाचे असेल, तर ती ह्या दोन तारखांच्या आसपास जन्मली.

राज्यकारभाराची विभागणी ह्यात भर घालणारी ठरली. जव्हार हे सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान होते आणि तेही दोन विषम तुकड्यांत विभागलेले. मोखाडा हा इंग्रजी मुलखातील शहापूर तालुक्याचा पेटा. एकाच वाटेचा अर्धा भाग राजाचा व अर्धा सरकारचा असल्यावर तिची काळजी कोणी वाहावी हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

वाट नाहीशी झाली तरी मुलखातून धन काढण्याचे थांबले नाही. मिठाची जागा लाकडाने घेतली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातील राखीव रानांची आखणी झाली, आणि तिच्याविरुद्ध इतकी ओरड उठली की मुंबई सरकारला १८८५ साली ठाणे-कुलाबा जिल्ह्यांसाठी जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. संस्थानाचेही मुख्य उत्पन्न जंगलाचेच. साग, ऐन, खैर तोडण्यासाठी रानाचे जे भाग पाडीत त्यांना 'कूप' म्हणू लागले. हा 'कूप' फ्रेंचमधून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत आलेला तोडीचा पट्टा. संस्कृत 'कूप' म्हणजे विहीर ह्याच्याशी त्याचे नाते नाही. तरीही मराठी वाचकाला दोन्ही शब्द एकच दिसतात. कूप तुटला की त्याखालचे झरे आटतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या अपघाती साम्यात थोडा कडवट विनोद सापडल्यास नवल नाही. 'डेपो', 'रेंज', 'बीट' हे शब्द त्याच वाटेने पाड्यापाड्यांत आले. कोणत्याही बोलीत परके शब्द ज्या क्षेत्रात दाटीने येतात, त्या क्षेत्रात सत्ता कोणाची होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

ह्या काळात आदिवासीचे चालणे हेच वाहन झाले. अंमलदाराचे सामान, सावकाराचे गवत, ठेकेदाराचे लाकूड हे सर्व वेठीने वाहून न्यावयाचे. १९३८-३९ च्या सुमारास सिमिंग्टन ह्यांनी आदिवासी भागांच्या चौकशीचा जो अहवाल सरकारला दिला त्यात कर्ज व वेठ ह्यांचे चित्र स्पष्ट आलेले आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघांनी सावकाराकडे राबावयाचे, ह्या प्रथेतून 'लग्नगडी' हा शब्द रूढ झाला. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला तेव्हा वेठ बंद व्हावी ही पहिली मागणी होती. त्या लढ्यात संघटनेची साधने म्हणजे पायवाटा. निरोप एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर धावत जाई, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास गोळीबार झाला तेव्हा तेथे जमलेले हजारो लोक रातोरात पायी आलेले होते. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या ग्रंथात जे चालणे आहे ते असे आहे. ओझ्याखाली चालणारा माणूस ओझ्याशिवाय चालू लागला, ह्याची नोंद वाटांच्या इतिहासाने घेतली पाहिजे.

४

१९४८ साली जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. हा योगायोग खराच. पण पुढील काळात ह्या दोन घटना एकमेकींत गुंतल्या. संस्थानाची राजधानी तालुक्याचे ठिकाण झाली, जव्हारला एस.टी.चे आगार आले, आणि शंभर वर्षांपूर्वी तांड्यांबरोबर बुजलेल्या दिशा—डहाणू, नाशिक, कसारा, ठाणे—पुन्हा एका फलकावर लिहिल्या गेल्या. 

एस.टी.ने भाषेलाही काही दिले. भाड्याचा हिशेब ज्या एककाने होतो त्याला 'टप्पा' म्हणतात व तो सहा किलोमीटरांचा असतो. हा शब्द जुना आहे. डाकेच्या जासुदाने एका दमात तोडावयाच्या अंतराला टप्पाच म्हणत, आणि 'टपाल' त्याच्याच घरचा शब्द. पायी धावणाऱ्याच्या दमाचे माप मोटारीच्या तिकिटात जाऊन बसले. मूळ रस्त्यापासून फुटणाऱ्या वाटेला 'फाटा' म्हणण्याची पद्धत जुनी असली, तरी गावाचे नाव आणि पुढे 'फाटा' असे जोडनाव होऊन तेथे चहाची टपरी, मग दुकान, मग वस्ती उभी राहणे हा एस.टी.चा पराक्रम होय. आणि 'मुक्कामी गाडी' अथवा 'वस्तीची गाडी' ह्या संस्थेविषयी तर स्वतंत्र लिहावयास हवे: संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन थांबणारी, चालक-वाहकांसह रात्री तेथेच राहणारी आणि पहाटे बाजारकरी, रोगी व शाळकरी मुले ह्यांना घेऊन निघणारी गाडी. तांड्याचा मुक्काम ह्या मुलखात परत आला तो ह्या रूपाने.

तथापि एस.टी. जाते गावापर्यंत, आणि येथील माणूस राहतो पाड्यावर. 'पाडा' हा संस्कृत 'पाटक' ह्या शब्दापासून प्राकृतामार्गे आलेला असून त्याचा अर्थच मुळी गावाचा तुकडा. महसुली गाव एक आणि त्याचे पाडे दहा, मध्ये ओहोळ, चढ व भाताची खाचरे, अशी रचना असल्यामुळे गाव नकाशावर रस्त्याने जोडले गेले तरी पाडे जोडले जात नाहीत. पावसाळ्यात ओहोळ भरला की आजाऱ्याला डोलीत घालून फाट्यापर्यंत आणावयाचे, ही वार्ता एकविसाव्या शतकातही दर वर्षी वाचावयास मिळते. उषवदाताने नदीवर ठेविलेल्या नावेची आठवण येथे होते. तो दाता रस्ता बांधीत बसला नाही. माणूस जेथे अडतो नेमके तेथे त्याने साधन ठेविले.

५

रस्ते ह्या मुलखात झालेच नाहीत असे मात्र नाही. पाण्यासाठी ते झाले. मुंबई शहराने १८६० साली विहार व १८९२ साली तानसा हे तलाव बांधल्यावर पुढील पिढ्यांत त्याची दृष्टी वैतरणेकडे वळली. १९५७ साली मोडकसागर पूर्ण झाला. १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा. आणि मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१२ साली बांधून होऊन २०१४ पासून शहराला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देऊ लागले. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा अशा रीतीने तीन ठिकाणी अडविली गेली, आणि पूर्वीच्या उतारांवर खोल पाणी आले. त्याच मोखाडा तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो व स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरतात. पिंजाळ नदीवर आणि दमणगंगेला मिळणाऱ्या वाघ नदीवर आणखी धरणे बांधून ते पाणीही मुंबईकडे वळविण्याची योजना आखलेली आहे.

पाणी इतके असूनही ही भूमी कायद्याच्या भाषेत 'पाणथळ' नाही. रामसर येथे १९७१ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात नैसर्गिक व मानवनिर्मित दोन्ही प्रकारच्या पाणथळ जागांचा समावेश होता. परंतु भारत सरकारच्या २०१७ च्या नियमांनी भातखाचरे, नदीपात्रे, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय आणि मीठ पिकविण्याच्या जागा ह्यांना व्याख्येतून वगळले. म्हणजे वैतरणेच्या उगमाकडील तलाव गेले, मधली खाचरे गेली, आणि मुखाकडील मिठागरही गेले. व्याख्या करणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे, कारण ह्या सर्व जागा मोजल्या तर कोकणात कोरडी जमीन दाखविणे कठीण होईल. पण 'आगर' हा शब्द घडविणाऱ्या पिढ्यांनी ह्या जागांचे दोन्ही गुण, पाणी आणि धन, एका शब्दात धरले होते; नियमाने त्यांतील धन तेवढे ठेविले.

जुन्या मीठवाटेचे आजचे रूप पाहावयाचे असेल तर दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा किंवा खोडाळा येथील स्थानकावर पाहावे. भात व नागली घरात आली की डोंगरातील कुटुंबेच्या कुटुंबे पोरेबाळे, कोंबड्या, भांडी व गोधड्या घेऊन वसई, भिवंडी, कल्याण बाजूच्या वीटभट्ट्यांवर व खाडीकाठच्या रेतीबंदरांवर निघतात, काही एस.टी.ने, पुष्कळशी मालकाने पाठविलेल्या ट्रकमधून. परतणे होळीला, नाहीतर पावसाच्या तोंडाशी. खाडीतील रेती काढण्याच्या एका रीतीला सरकारी कागदांत 'हातपाटी' व 'डुबी' अशी नावे आहेत: होडीतून खाडीच्या मध्यावर जावयाचे, पाण्याखाली बुडी मारावयाची, तळाची रेती पाटीत भरून वर यावयाचे. वैतरणा व उल्हास ह्यांच्या खाड्यांत हे काम करणाऱ्यांत डोंगरातून उतरलेला आदिवासी आहे. वीटभट्टीसाठी माती खणलेले खड्डे पावसाने भरून त्यांची तळी होतात, त्यांत पाणपक्षी उतरतात, आणि काही वर्षांनी त्या जागेला निसर्गाचा भाग समजण्यात येते. ज्यांनी तो खड्डा खणला ते तोपर्यंत दुसरीकडे खणीत असतात.

ह्या जाण्याला मोखाड्याकडे 'जगायला जाणे' म्हणतात. अभ्यासकांचा 'हंगामी स्थलांतर' हा शब्द अचूक आहे. पण तो बाहेरून पाहणाऱ्याचा. त्यात स्थळ बदलते एवढेच सांगितलेले आहे. 'जगायला' ह्या चतुर्थ्यर्थी रूपात जाण्याचे प्रयोजन आले आणि त्याबरोबरच घरी राहिल्यास काय होईल हेही आले. पूर्वी मीठ वर चढत होते व धान्य खाली येत होते. आता पाणी नळातून खाली जाते आणि त्याच्यामागोमाग माणसे. घाट चढून वर येते ती मजुरी, बाजारचा माल, आणि शनिवार-रविवारी पदभ्रमण करणारी मंडळी.

ह्या मंडळींविषयी डोंगराळ भागाच्या अभ्यासकांत थोडा उपहासाचा सूर आढळतो. तो सर्वस्वी योग्य नाही. स्वतःच्या मोटारीने येऊन दाभोशाचा धबधबा पाहून संध्याकाळी परतणारा प्रवासी आणि कसाऱ्यापर्यंत लोकलने, तेथून विहीगावमार्गे खोडाळ्यापर्यंत एस.टी.ने व पुढे सूर्यमाळाकडे पायी जाणारा प्रवासी ह्यांत फरक आहे. दुसऱ्याला गाडीची वेळ पाळावी लागते, फाट्यावर थांबावे लागते, वाट विचारावी लागते; आणि वाट विचारताना त्याला नकाशात नसलेली नावे ऐकावी लागतात. 'गिरिभ्रमण', 'पदभ्रमण' हे शब्द त्याने स्वतःसाठी संस्कृतातून बनविले आहेत. पाड्यावरच्या माणसाला चालण्यासाठी असे नाम लागत नाही, क्रियापदावर त्याचे भागते. परंतु जुनी घाटवाट आज कोठून चढते, कोणत्या माळावर पाणी मार्गशीर्षापर्यंत टिकते, कोणता उतार धरणाखाली गेला, ह्याची अलीकडची लेखी टिपणे बहुतांशी ह्याच हौशी लोकांनी केलेली आहेत. त्यांत नावांचे अपभ्रंश पुष्कळ असतात. 'मेट' चे 'मेठ' होते, पाड्यांची अदलाबदल होते. तरी विद्यापीठाच्या अभ्यासकाने ती टिपणे घेऊन त्याच एस.टी.ने जाऊन, पाडा धरून नावे पुन्हा ऐकून घेतली, तर उषवदाताच्या नावांपासून मुक्कामी गाडीपर्यंतच्या ह्या इतिहासातील मधले कित्येक दुवे हाती लागण्यासारखे आहेत. काम पावसाळ्यानंतर आणि दिवाळीपूर्वी करावे लागेल. त्याआधी ओहोळ उतरू देत नाहीत, आणि त्यानंतर नावे सांगणारी माणसे जगायला गेलेली असतात.